डबा म्हणाला ‘बंद’, मामांनी ताडपत्री उचलली: डिझाइन प्रोसेस, कांद्याच्या चाळीतून

(या भागाचा लिखित मसुदा. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. बसमध्ये आवाज येत नसेल तर वाचा.)



गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. ‘फायनल इयर प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये डिझाइन प्रोसेस नावाचं एक चॅप्टर असतं, त्यात काय लिहायचं?’ खरं सांगू? मीसुद्धा ते चॅप्टर सगळ्यात शेवटी, सबमिशनच्या आदल्या रात्री लिहायचं ठरवलं होतं. तो गोल चार्ट असतो ना, समस्या, संशोधन, पर्याय, नमुना, चाचणी, सुधारणा आणि मध्ये बाण? तो चिकटवायचा आणि मोकळं व्हायचं.

तसं झालं नाही. कारण आमचा प्रोजेक्ट माझ्या मामांच्या चाळीत गेला आणि तिथे त्याची चांगलीच जिरली. आज तीच गोष्ट सांगते. त्यातच ती प्रोसेस कळेल.

उलटी सुरुवात

माझे मामा चांदवड तालुक्यात राहतात. उन्हाळ कांदा करतात. एप्रिल-मेमध्ये कांदा निघतो तेव्हा सगळ्यांचाच निघतो, त्यामुळे भाव बसलेला असतो. म्हणून चाळीत भरायचा आणि पावसाळाभर सांभाळून भाव चढला की विकायचा. आता चार-पाच महिने साठवण म्हटलं की काही कांदा सुकून वजनात घटतो, काहीला कोंब येतात, काही सडतो. सगळं धरून नुकसान ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. आम्ही प्रोजेक्ट निवडला त्याच्या आदल्या वर्षी मामांनी दीड ट्रॉली कांदा उकिरड्यावर ओतला होता. मामी सांगत होती, त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

हे मला माहीत होतं. पण प्रोजेक्ट निवडताना मी मामांचा विचार केला का? नाही. आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये एकाकडे एमक्यू-१३५ नावाचा गॅस सेन्सर पडून होता. हा अमोनिया, अल्कोहोलची वाफ, धूर अशा बऱ्याच गोष्टींना प्रतिसाद देतो. आम्ही म्हटलं, सडक्या कांद्याचा वास येतो, म्हणजे गॅस येत असणार. चला, ‘स्मार्ट कांदा चाळ’! वस्तू आधी हातात आली आणि तिच्यासाठी समस्या मागून शोधली. तुमच्यापैकी किती जणांनी असंच केलंय, हात वर करा. मला दिसत नाहीयेत, पण माहितीयेत.

जुलैमध्ये डबा तयार झाला. गॅस सेन्सर, ईएसपी-३२ बोर्ड, एसएमएससाठी सिम८००एल मॉड्यूल, एक बझर आणि एक १८६५० सेल. लॅबमध्ये आम्ही चिरलेला, नासलेला कांदा सेन्सरसमोर धरला, बझर वाजला, आम्ही टाळ्या वाजवल्या.

चाळीत काय झालं ऐका.

पहिली गोष्ट, सिम. हे मॉड्यूल टूजीवर चालतं आणि आम्ही नेलं होतं जिओचं सिम. जिओचं टूजी नेटवर्कच नाही. झालं, एसएमएस गेला खड्ड्यात.

दुसरी गोष्ट, बॅटरी. या गॅस सेन्सरच्या आत एक हीटर असतो, तो सतत तापलेला लागतो. पाच व्होल्टवर साधारण १६० मिलिअँपिअर, म्हणजे ०.८ वॉट. आमचा सेल २६०० मिलिअँपिअर-अवरचा, ३.७ व्होल्टचा, म्हणजे जेमतेम ९.६ वॉट-अवर. भागाकार करा. बारा तास, आणि व्होल्टेज वाढवताना जे वाया जातं ते धरलं तर त्याहून कमी. संध्याकाळी लावलेला डबा पहाटे मेलेला. हा भागाकार पाचवीतल्या पोरालाही जमला असता. आम्ही तो केलाच नव्हता.

तिसरी गोष्ट तर भारीच. दुसऱ्या दिवशी सेल बदलला आणि पहाटे बझर ठणाणा वाजायला लागला. आम्ही धावत गेलो, कांदा सडला, कांदा सडला! मामांनी शांतपणे चाळीच्या मागे बोट दाखवलं. मागे गोठा. रात्रभराचं गोमूत्र साचलेलं, अजून शेण काढायचं होतं. आमचा डबा म्हशींना वाजत होता.

पण खरा घाव वेगळाच बसला. मामा म्हणाले, ‘‘बरं पोरी, समज, हा कांद्यालाच वाजला. मग मी काय करू? आत एवढा मोठा ढीग आहे. त्यातला कुठला सडला? अन् वास सुटला म्हणजे सडून झालेलाच असतो ना?’’

आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हतं. येताना एसटीत कोणी कोणाशी बोललं नाही.

समस्या नेमकी कोणाची?

आमच्या गाइड मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘सेन्सर कपाटात ठेवा. पुढचे दोन शनिवार-रविवार चाळीत जाऊन बसा. काही दुरुस्त करायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं.’’

ही डिझाइन प्रोसेसची पहिली पायरी आहे आणि सगळ्यात जास्त हीच गाळली जाते. कारण तिच्यात दाखवण्यासारखं काही तयार होत नाही. वहीची चार पानं भरतात, बस.

आम्ही काय पाहिलं? चाळ म्हणजे जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, बाजूंना पट्ट्या आणि पट्ट्यांमध्ये फटी. वारा खालून-बाजूने शिरतो आणि ढिगातली ऊब, दमटपणा घेऊन जातो. कांदा जिवंत असतो, तो श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि पाणी बाहेर पडतं. अशा साध्या, थंड न केलेल्या साठवणीत २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली मानतात. इथवर पुस्तकातही आहे.

पुस्तकात नव्हतं ते हे. तिरका पाऊस आला की मामा बाजूंना ताडपत्री सोडतात, नाहीतर झड आत जाते. पाऊस थांबला की ती उचलायची असते. पण पाऊस रात्री दोनला थांबतो. किंवा मामा बाजार समितीत लासलगावला गेलेले असतात आणि घरी मामी एकटी. ‘उचलू की नको? परत आला तर?’ असं म्हणत ताडपत्री तशीच राहते. कधी एक दिवस, कधी तीन. फटी बंद, वारा बंद, आत वाफ.

म्हणजे मामांना कांदा सडला हे कळवणारं यंत्र नकोच होतं. त्यांचा प्रश्न होता, ताडपत्री आता उचलायची की सोडलेली ठेवायची? आणि हा प्रश्न बऱ्याचदा मामांना नाही, मामीला पडत होता. आम्ही तोपर्यंत मामीशी याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. ती चहा आणून देत होती, आम्ही पीत होतो.

मोजता येईल अशी गरज

पुढची पायरी, गरजा लिहिणे. इथे सगळे काय लिहितात? ‘यंत्र स्वस्त, टिकाऊ आणि वापरायला सोपं असावं.’ मंडळी, ही गरज नाही, हा आशीर्वाद आहे. पास की नापास हे ठरवता आलं पाहिजे.

आमची यादी अशी झाली. एका कप्प्यामागे खर्च १५०० रुपयांच्या आत. एकदा चार्ज केलं की ३० दिवस चालावं. मोबाइल नेटवर्क नसलं तरी काम थांबू नये. आणि चौथी मामीने सांगितलेली, ‘‘रातच्याला चष्मा नसतो माझा. आकडे नको दाखवू.’’ ते आम्ही असं लिहिलं: अंधारात, चष्म्याशिवाय, पाच सेकंदांत उत्तर कळावं.

शिवाय एक मर्यादा आमच्याकडची. कांदा ऑक्टोबरपर्यंत विकून संपणार आणि आमची शेवटची परीक्षा मेमध्ये. म्हणजे वेळ आहे असं वाटत होतं, पण खरी चाचणी पावसाळ्यातच होऊ शकत होती. हातात आठ आठवडे. तुमच्या प्रोजेक्टमध्येही असा छुपा हंगाम असतो, तो आधी शोधा.

पर्याय आणि एक लबाडी

मग तीन पर्याय मांडले. पहिला, जुनाच गॅस सेन्सर आणि एसएमएस. दुसरा, तापमान-आर्द्रतेचा डीएचटी-२२ सेन्सर आणि एसएमएस. तिसरा, तोच डीएचटी-२२, पण एसएमएस नाही, फक्त एक बटण आणि दोन दिवे. बटण दाबलं की हिरवा म्हणजे उचला, लाल म्हणजे सोडलेली ठेवा. सगळी नोंद आतल्या मेमरी कार्डावर.

निवडायला आम्ही तक्ता केला. निकष डावीकडे, पर्याय वर, प्रत्येक निकषाला वजन, प्रत्येक पर्यायाला पाचपैकी गुण. असे तक्ते वापरायची पद्धत स्टुअर्ट पघ या ब्रिटिश इंजिनिअरने रुजवली, म्हणून एका प्रकाराला पघ मॅट्रिक्सही म्हणतात.

आता लबाडी सांगते. पहिल्यांदा तक्ता हॉस्टेलवर भरला आणि दुसरा पर्याय जिंकला. का? आम्हाला प्रेझेंटेशनमध्ये मोबाइलवर मेसेज आलेला दाखवायचा होता. म्हणून ‘नावीन्य’ नावाचा निकष घुसवला आणि त्याला सगळ्यात जास्त वजन दिलं. मॅडमनी एका नजरेत पकडलं. म्हणाल्या, ‘‘वजनं तुम्ही ठरवू नका, जो वापरणार त्याला ठरवू दे. आणि गुण देण्याआधी ठरवा, नंतर नाही.’’

मामा-मामींनी वजनं दिली. समजायला सोपं, ५. वेळेवर इशारा, ५. बॅटरी, ४. खर्च, ३. ‘नावीन्य’ वाचून मामी म्हणाली, ‘‘हे काय असतं?’’ ते खोडलं. मग गुण भरले. पहिल्या पर्यायाला ४०, दुसऱ्याला ५६, तिसऱ्याला ७२. बिनमोबाइलचा, दोन दिव्यांचा, दिसायला एकदम साधा डबा जिंकला. आमच्यातला एक जण दोन दिवस नाराज होता. बरं, तो एक जण मीच.

मिठाची चाचणी

ऑगस्टमध्ये दुसरा नमुना तयार झाला. तीन सेन्सर, दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ढिगाच्या मध्यभागी, एक बाहेर पाख्याखाली. ढिगात सेन्सर कांद्याच्या भाराने चिरडू नये म्हणून भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात बसवला.

पण त्याआधी एक काम केलं, तुम्हीही करा, खर्च शून्य. तीनही सेन्सर रात्रभर एकाच बरणीत ठेवले तर तीन वेगळे आकडे! बरोबर कोण? त्यासाठी घट्ट झाकणाच्या बरणीत जेवणातलं मीठ घ्या, चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला, सेन्सर त्याला न टेकता वर टांगा आणि झाकण लावून रात्रभर ठेवा. खोलीच्या तापमानाला त्या बरणीतली हवा जवळपास ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. हा मिठाचा गुणधर्मच आहे. आमचा एक सेन्सर ७९ दाखवत होता. मग प्रोग्राममध्ये त्याचे चार वजा केले.

डबा विरुद्ध मामा

आता मुख्य गोष्ट. प्रोग्राममधला नियम आम्ही असा लिहिला होता: बाहेरची आर्द्रता आतल्यापेक्षा जास्त असेल तर लाल, कमी असेल तर हिरवा. एकदम तर्कशुद्ध, नाही का? बाहेर दमट असेल तर दमट हवा आत कशाला घ्यायची?

एका पहाटे मामांचा फोन आला. रात्रभर झड होती, नुकतीच थांबलेली. मामीने बटण दाबलं, लाल. मामांनी पट्ट्यांमधून आत हात घातला आणि म्हणाले, ‘‘आत वाफ धरलीय. तुमचा डबा काही म्हणू दे, मी ताडपत्री उचलली.’’

आमची पहिली प्रतिक्रिया काय? ‘यूजर ऐकत नाही. यूजरला ट्रेनिंग दिलं पाहिजे.’ हे वाक्य आम्ही खरोखर लॉगबुकात लिहिलंय, तारखेसकट. आजही वाचलं की कानशिलं तापतात.

शनिवारी मेमरी कार्ड काढून आणलं. त्या पहाटे आत ३० अंश आणि ८० टक्के. बाहेर २४ अंश आणि ९० टक्के. नव्वद मोठा, म्हणून लाल. पण पुढच्या ओळी बघितल्या तर ताडपत्री उचलल्यावर दोन तासांत आतली आर्द्रता ८० वरून ७१ वर आली होती. बाहेरची ‘जास्त दमट’ हवा आत शिरली आणि आतलं कोरडं झालं. असं कसं?

एक बाटलीचं उदाहरण घ्या. एक लिटरची बाटली ८० टक्के भरलीय आणि अर्ध्या लिटरची ९० टक्के. पाणी कशात जास्त? पहिलीत ८०० मिली, दुसरीत ४५० मिली. टक्का मोठा, पण बाटलीच लहान. हवेचं तसंच आहे. गरम हवा म्हणजे मोठी बाटली. ३० अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३०.४ ग्रॅम वाफ मावते, २४ अंशांना सुमारे २१.८ ग्रॅमच. आता हिशेब करा. आत ३०.४ चे ८० टक्के, म्हणजे २४.३ ग्रॅम. बाहेर २१.८ चे ९० टक्के, म्हणजे १९.६ ग्रॅम. बाहेरच्या हवेत पाणी कमीच होतं! तीच हवा आत येऊन ३० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली येते. मामांच्या हाताला जी वाफ लागली ती बरोबर होती. चुकला होता आमचा नियम.

सेन्सर ठीक होता, तारा ठीक होत्या, प्रोग्राम आम्ही सांगितलं तेच करत होता. चूक होती ती आम्ही समस्या गणितात मांडली तिथे. म्हणून चाचणीवरून सुटे भाग बदलायला नाही, पार वर, संशोधनाच्या पायरीवर जावं लागलं. चार्टमधले उलटे बाण असतात ना, ते यासाठी असतात. मला आधी ते शोभेचे वाटायचे.

राइट बंधूंचंही असंच झालं होतं. १९०१ मधल्या त्यांच्या ग्लायडरला हिशेबाने अपेक्षित होती तेवढी उचल मिळेना. त्यांनी नुसते पंख वाढवत बसण्यापेक्षा ज्या जुन्या आकड्यांवर हिशेब केला होता तेच तपासायला घेतले. स्वतःचा वाऱ्याचा बोगदा बनवून पंखांचे सुमारे २०० छोटे नमुने त्यात तपासले. १७ डिसेंबर १९०३ चं उड्डाण सगळ्यांना माहीत असतं, हा बोगदा फार कोणाला माहीत नसतो.

आम्ही नियम बदलला. टक्के नाही, दोन्हीकडचे ग्रॅम काढायचे आणि त्यांची तुलना करायची. प्रोग्राममध्ये सात ओळींचा फरक. मामींना आता लाल-हिरव्याचं उत्तर पटायला लागलं. आणि जिथे पटलं नाही तिथे तिने वहीत लिहून ठेवावं असं ठरलं. तिने लिहिलं. पाच वेळा. त्यातल्या तीन वेळा पाऊस पुन्हा सुरू होणार हे तिला ढगांवरून कळलं होतं आणि डब्याला नाही. हे आम्ही रिपोर्टमध्ये ‘यंत्राच्या मर्यादा’ या मथळ्याखाली तसंच दिलं.

शेवटी काय झालं?

खर्चाची अट पूर्ण. नेटवर्कची पूर्ण. मामींची पाच सेकंदांची अट पूर्ण, आम्ही घड्याळ लावून बघितलं. बॅटरी नापास. बोर्डची चिप झोपली तरी त्याच्यावरचा पॉवरचा दिवा आणि रेग्युलेटर जागेच, असे दहा मिलिअँपिअर सतत जायचे. तीन सेल जोडून हिशेबाने ३२ दिवस यायला हवे होते, आले २६. तसंच लिहिलं. व्हायव्हात परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्या २६ वर विचारले, आणि उत्तरं आमच्याकडे होती, कारण आकडा खरा होता.

मग कांदा वाचला का? मामा म्हणतात, त्या वर्षी निवडताना सडका कमी निघाला. पण पाऊस वेगळा होता, कांदा वेगळा होता आणि डबा नसलेल्या कप्प्यांतला सडका आम्ही वेगळा तोललाच नाही. ती आमची चूक. त्यामुळे ‘आमच्या यंत्राने नुकसान इतके टक्के कमी झालं’ असं वाक्य रिपोर्टमध्ये नाही. घालायचा मोह खूप झाला होता.

एक गंमत सांगून थांबते. कांदा संपल्यावर सामान आणायला गेले तर मामा म्हणाले, ‘‘डबा ने पाहिजे तर, पण ते भोकाचे पाइप राहू दे. त्याच्या आजूबाजूचा कांदा चांगला निघाला. पुढच्या वर्षी चार कप्प्यांत लावतो अन् दोन कप्पे बिनपाइपाचे ठेवतो. मग तोलून बघू.’’

बघा! तुलनेसाठी दोन कप्पे तसेच ठेवायचे हे इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षातल्या आम्हा चौघांना सुचलं नव्हतं.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या प्रोजेक्टचं नाव एका कागदावर लिहा. खाली लिहा, हे वापरून कोण, कुठला निर्णय, कोणत्या वेळी घेणार आहे? एका वाक्यात जमलं नाही तर सोल्डरिंग गन खाली ठेवा आणि त्या माणसाकडे जाऊन बसा. आणि हो, चहा आणून देणाऱ्या बाईलाही विचारा.

तुमचं वाक्य मला पाठवा, पुढच्या भागात त्यातली काही वाचून दाखवेन. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!